जुनी एफसी-१५० पिकअप विकायची आहे. आधी रंगवून घेऊ की आहे तशीच विकू?

रंगाचा डबा आणून ठेवला असेल तर तो गोठ्याच्या दाराला वापरा. गाडीला ब्रश लावू नका.

तुम्ही लिहिलंय की आजोबांच्या नावावरची १९७२ ची महिंद्रा एफसी-१५० गोठ्यामागे कित्येक वर्षांपासून उभी आहे, घरच्यांचा आग्रह आहे की आधी डेंटिंग-पेंटिंग करा आणि मग गिऱ्हाईक पाहा, आणि तुम्हाला जाणून घ्यायचंय की त्यानं किंमत वाढेल का आणि साधारण किती येईल. किमतीचं शेवटी बोलतो. पण 'घरच्यांचा आग्रह' हे शब्द वाचले आणि राहवलं नाही, कारण आमच्या घरी हा विषय अजून मिटलेला नाही. गाडी गेली, पैसे आले, त्यातून बोअर मारली, पाणीही लागलं, तरी दर दिवाळीला फराळाच्या ताटाबरोबर तो बाहेर येतोच.

आमचं घर वरुड तालुक्यातलं, संत्र्याचं. बाबांनी एफसी नवी घेतली होती. तेव्हा आमच्या भागात रेल्वे नव्हती, नरखेड-अमरावती लाइन फार उशिरा आली. दिल्ली-कलकत्त्याला माल पाठवायचा तर पेट्या नरखेडला नाहीतर पांढुर्ण्याला, मेन लाइनच्या स्टेशनावर नेऊन टाकाव्या लागत. संत्र्याच्या आंबिया बहाराचा तोडा दिवाळीच्या पुढेमागे, मृग बहाराचा फेब्रुवारीपासून ऊन तापेपर्यंत, मधल्या दिवसांत कापूस, आणि पावसाळ्याच्या तोंडावर खताच्या बॅगा. गाडीला सुट्टी अशी नव्हतीच. सुटा कापूस भरायचा असला की आम्हा पोट्ट्यांना हौद्यात उतरवत आणि वरून ओझी ओतत. आम्ही तुडवत तुडवत कापसाबरोबरच वर यायचो आणि शेवटी फाळक्याच्याही वर उभे असायचो. युरिया-डीएपीनं हौद्याचा तळ खाल्ला तेव्हा बाबांनी त्यावर सागाच्या फळ्या ठोकून घेतल्या. इंजिन दोन सीटच्या मधोमध, त्यामुळं थंडीत बोनटाला चिकटून बसायला मारामारी आणि मे महिन्यात तिथं कोणी मांडी टेकवली की बोंब.

ही गाडी मुळात विलीज या अमेरिकेतल्या जीप कंपनीची. त्यांनी ती तिकडे १९५६ च्या शेवटी काढली, आराखडा ब्रुक्स स्टीव्हन्स या डिझायनरचा. तिकडे ती बंद होत आली त्याच सुमारास, १९६५ मध्ये, महिंद्रानं इथं सुरू केली. त्यातलं हरिकेन इंजिन जुन्या जीपवाल्यांना पाठ असतं: चार सिलिंडर, २.२ लिटर, पेट्रोल, इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट खाली ब्लॉकमध्ये. १९७३ नंतर पेट्रोल भडकलं तेव्हा भोवतालच्या गावांतल्या जीपगाड्यांमध्ये धडाधड डिझेल इंजिनं बसली. बाबांनी बसवलं नाही. त्यात तत्त्वबित्त्व काही नव्हतं, मिस्त्रीनं सांगितलेला भाव त्यांना पटला नाही, एवढंच. पेट्रोलवर सुरू करायची, गरम झाली की रॉकेलवर घ्यायची, असे उद्योग करून त्यांनी ती ओढली. त्या कंजूषपणामुळं इंजिन मूळचं राहिलं आणि पुढं आमचा सौदा त्याच इंजिनावर उभा राहिला.

मग पाणी खोल गेलं, बागा वाळल्या, भाड्याचे पिकअपवाले गावोगाव झाले, आणि आमची गाडी शेडमध्ये गेली. बाबांनी जाण्याआधी ती माझ्या नावावर करून ठेवली होती. हे लक्षात ठेवा, तुमच्या कामाचं आहे.

आता जवाईबापू. लहान बहिणीचे यजमान, नागपूरला असतात, माणूस प्रेमळ, पण गाड्यांतलं आपल्याला सगळं कळतं असा त्यांचा समज आहे. मी गाडी विकायचं काढलं तर ते म्हणाले, "दादा, अशी भंगार दाखवता का गिऱ्हाइकाले? आधी रंग मारा. पोरगी दाखवतानी पावडर लावता का नाई?" माय तिथंच लसूण सोलत बसली होती. ती मान वर न करता म्हणाली, "पावडर लावतेत बापू, नाक नाई बदलत." पण मायचं बोलणं जवाई हसण्यावारी नेतात, आणि मी काही बोलायचा प्रश्नच नव्हता. आपल्याकडे जवायाच्या ताटात पुरणाची पोळी वाढताना 'तुमचं चुकतंय' असं कोण म्हणतो?

पुढच्या खेपेला ते एक पेंटरच घेऊन आले. त्यानं मडगार्डवर बोटाचं पेर वाजवलं आणि म्हणाला, "भाऊ, पुट्टी भरून असा आरसा करून देतो की जुनी गाडी होती हे कोनी सांगनार नाई." अरे बाबा, जुनी आहे म्हणून तर विकतोय. रंग कोणता, तर मेटॅलिक लाल. मी नाही म्हटलं नाही. म्हटलं, सोयाबीनची सोंगणी होऊ द्या. मग म्हटलं, वेचणी आटपू द्या. मग म्हटलं, शिमग्याच्या आधी गाडी कशाला रंगवता, पोट्टे धुळवडीला खराब करतील. तोवर मी फोटो काढून जुन्या जीपा बाळगणाऱ्या ओळखीच्या लोकांकडे पाठवले होते, आणि त्यातून पुण्याचा एक माणूस निघाला.

तो आला ते नेमका राखीच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे बहीण-जवाई घरी. पाऊस नुकता थांबलेला, शेडमध्ये चिखल. त्यानं माझ्याकडून बारदान मागून घेतलं, जमिनीवर अंथरलं आणि टॉर्च घेऊन सरळ गाडीखाली गेला. चहा आला, गार झाला, तो बाहेर येईना. मग निघाला आणि खिशातून लोहचुंबक काढून पत्र्यावरून हळूहळू फिरवत गेला. चुंबक धरतंय म्हणजे खाली पत्रा आहे, सुटतंय म्हणजे पुट्टी. डाव्या मडगार्डवर बैलबंडीच्या जुवाचा पोचा होता, त्यावर त्यानं चुंबक दोनदा नेलं, दोन्हीदा टक् करून चिकटलं, आणि स्वारी खूश. पोच्यावर खूश! इंजिनाचा नंबर आमच्या गाडीत पुढच्या अंगाला, पाण्याच्या पंपाजवळ ब्लॉकवर ठोकलेला आहे. तिथला तेलाचा मळ त्यानं चिंधीनं पुसला आणि आरसी बुकातला एकेक अंक मोठ्यानं म्हणत ताडून पाहिला.

त्यानंतर त्यानं ड्रायव्हरचं दार उघडलं आणि बराच वेळ आत पाहत राहिला. दाराच्या आतल्या पत्र्यावर बाबांचा हिशेब होता. पेट्या चढताना ते खिळ्यानं रेघा ओढायचे, चार उभ्या आणि पाचवी त्यांना छेदून आडवी. अशा रेघांची रांगच्या रांग, काही वरच्यावर कोरलेल्या, काही गंजानं पुसट झालेल्या. मध्येच एखाद्या अडत्याचं आडनाव, एखादा आकडा आणि पुढं 'बाकी'. ती बाकी बहुधा अजूनही बाकीच असेल. बाहेरच्या अंगाला पेंटरनं काढलेलं बाबांचं नाव, मुक्काम पोस्ट, तालुका, आणि मागं फाळक्यावर 'श्री गजानन प्रसन्न', त्यातला 'प्र' पेट्या घासून गेलेला. त्या माणसानं सगळ्याचे फोटो काढले आणि मला विचारलं, "हा दाराचा पत्रा मूळचाच ना? बदललेला नाही?"

इथं जवाईबापूंना राहवलं नाही. ते म्हणाले, "साहेब, रंग मारूनच देनार होतो आमी, राहून गेलं." तो पुन्हा गाडीखाली शिरत होता, तिथूनच म्हणाला, "बरं झालं राहिलं. नाहीतर तो खरवडायचा खर्च मी तुमच्याच किमतीतून कापला असता."

हे मी ऐकलं, मायनं ऐकलं, चहाचे कप न्यायला आलेल्या बहिणीनं ऐकलं. जवाईबापूंचं म्हणणं असं की ते तेव्हा फोनवर बोलत होते आणि असं कोणी काही म्हणालंच नाही. तेव्हापासून प्रत्येक कार्यात, साक्षगंध असो की तेरवी, पंगतीत कोणी गाडीचा विषय काढला की ते एकच वाक्य म्हणतात: "रंग मारला अस्ता त डबल भेटले अस्ते."

नसते भेटले. का, ते तुम्हाला सांगतो, त्यांना सांगायची सोय नाही म्हणून.

अशी गाडी घेणारा माणूस शोभा विकत घेत नाही. त्याला गाडी कशी होती ते पाहायचं असतं, आणि ते फक्त न झाकलेल्या पत्र्यावर दिसतं. ताजा रंग पाहिला की त्याच्या मनात पहिला प्रश्न येतो की खाली काय दडवलंय. मग तो धरून चालतो की सगळंच सडलंय, आणि भाव त्या हिशेबानं लावतो. म्हणजे रंगाचा खर्च तुमचा आणि संशयाची कपातही तुमचीच. शिवाय त्याला गाडी रंगवायचीच असेल तर तो त्याच्या माणसाकडून, कंपनीच्या मूळ छटेत रंगवणार. तुमच्या पेंटरचा लाल रंग त्याला आधी काढावा लागणार. आणि ज्याला रंगवायची नाही, जशी राबली तशीच ठेवायची आहे, तो तर तुमच्या दारातूनच परत जाईल. आमचा तसलाच होता. त्यानं भाव पाडला तो ब्रेक, टायर, काचांची वाळलेली रबरं आणि हरवलेला जॅक यांच्यासाठी. पोचे, ओरखडे, उडालेला रंग यासाठी त्यानं काही कापलं नाही.

आणखी एक धोका पेंटरला कळत नाही. जुना रंग काढायला तो ग्राइंडर फिरवतो. तो ग्राइंडर चेसिस नंबरावरून गेला की गाडीची ओळख गेली. मग नंबर का घासला याचं उत्तर आरटीओत तुम्ही देत बसा, पेंटर येणार नाही. नंबराच्या पट्टीचे रिव्हेटही काढू देऊ नका. पट्टी काढून, चकचकीत करून पुन्हा बसवली तरी जाणत्या माणसाला ती काढलेली कळते.

आपल्याकडची हवा कोरडी म्हणून विदर्भातल्या जुन्या गाड्यांचे पत्रे कोकणातल्यांपेक्षा पुष्कळ टिकतात. ही आपली जमेची बाजू आहे आणि ती झाकायला आपण पैसे मोजतो. आपल्याकडे नासतं ते वेगळंच: वायरिंग उंदीर खातात, हौद्याच्या फळ्या उधई खाते, रबर उन्हानं फुटतं. त्याकडे पाहा. उंदरांची घरटी काढा, साध्या पाण्यानं आणि मऊ फडक्यानं धूळ उतरवा. सर्व्हिसिंग सेंटरच्या प्रेशरच्या पाण्याखाली नेऊ नका आणि दारावरच्या नावावर पेट्रोलचा बोळा तर मुळीच फिरवू नका. मी धुवायला घेतली तेव्हा माय ओसरीवरून ओरडली होती, "धुता धुता तुह्या बापाचं नाव पुसू नोको." सुटे पडलेले भाग, हँडल, दिव्याची रिंग, तुटका आरसा, जे सापडेल ते एका पोत्यात घालून गाडीबरोबर द्या. जुनी पावती, टॅक्सचा कागद, लग्नाच्या अल्बममध्ये मागं गाडी उभी असलेला फोटो, तोही शोधा. अशा कागदांनी गिऱ्हाइकाचा विश्वास बसतो.

इंजिनाचं एक सांगतो आणि हे मनावर घ्या. बंद गाडी ट्रॅक्टरला बांधून, गिअरमध्ये टाकून ओढायची गावात फार हौस असते. तुमच्याकडेही कोणीतरी भाऊ ट्रॅक्टर घेऊन तयार असेल. नको. इतक्या वर्षांत पिस्टनच्या रिंगा धरलेल्या असतात, व्हॉल्व्ह अडकलेले असतात, जोरात ओढलं की जे शाबूत आहे तेही मोडतं. प्लग काढा, भोकांतून थोडं थोडं ऑइल सोडा, चार-आठ दिवस मुरू द्या, मग हँडलनं हातानं फिरवून पाहा. फिरलं तर त्याचा व्हिडिओ काढा, तेवढ्यानंही भाव सुधारतो. सुरू करायचा मोह झाला तर टाकीतलं जुनं पेट्रोल आधी काढून टाका. सुरू नाही झाली तरी काही बिघडत नाही, 'फिरतं, सुरू केलेलं नाही' असं स्पष्ट सांगून विका.

आता तुमची खरी अडचण. ती रंगात नाही, आजोबांच्या नावात आहे. आरसी मयताच्या नावावर असेल तर पुण्या-मुंबईचा गिऱ्हाईक फोनवरच गार होतो. आधी फॉर्म ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर घ्या. त्याला मृत्यूचा दाखला आणि बाकीच्या वारसांची संमती लागते, म्हणजे काका, आत्या, सगळे आले. त्यानंतर विक्रीला फॉर्म २९ आणि ३०, आणि गाडी दुसऱ्या आरटीओच्या हद्दीत जाणार असेल तर फॉर्म २८ ची एनओसी, म्हणजे ना हरकत दाखला. जुनं पुस्तकी आरसी असेल तर त्याची नोंद संगणकावर आहे का ते तुमच्या आरटीओत आधी पाहा, नसेल तर ती चढवून घ्यावी लागेल. हे काम कंटाळवाणं आहे आणि त्याला वेळ लागतो, म्हणूनच घरचे लोक रंगाच्या गप्पा मारतात.

जुलै २०२१ मध्ये केंद्रानं व्हिंटेज गाड्यांच्या नोंदणीचे नियम आणले तेही गिऱ्हाईक विचारेल. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली, मूळ रूपात राखलेली, मोठा फेरबदल न केलेली दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, पुढच्या नोंदणीला ५,०००, आणि नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालवता येत नाही, विकता मात्र येते. तुमची १९७२ ची वयात बसते. पण नियम खाजगी, बिगरधंद्याच्या गाड्यांसाठी आहे, आणि आपल्या गाड्या तर मालच वाहत आल्या. तुमच्या आरसीवर गाडीचा वर्ग काय लिहिलाय ते वाचा आणि मालवाहू असेल तर गिऱ्हाइकाला शब्द देण्याआधी आरटीओत विचारून या. 'मूळ रूपात' हे शब्द मात्र जवाईबापूंनी एकदा वाचावेत अशी माझी फार इच्छा आहे.

एक सांगायचं राहिलं. हे सगळं मी मूळ इंजिन असलेल्या, चेसिस शाबूत असलेल्या गाडीबद्दल बोलतोय. तुमच्यात डिझेल इंजिन बसवलेलं असेल तर संग्राहक तेवढा उत्साह दाखवणार नाही, ते लपवू नका, नाहीतरी बोनट उघडलं की दिसणारच. चेसिसला तडा किंवा वेल्डिंग असेल तर भाव पडणार आणि त्याला इलाज नाही. आणि तुमचं गिऱ्हाईक हायवेवरचा ढाबेवाला असेल, ज्याला दारात शोभेला गाडी उभी करायची आहे, तर त्याला चकचकीतच हवी असते. आमच्या ओळखीच्या एकाची रंगवलेली एफसी अशीच गेली, आता तिच्यात फुलझाडं लावलीत. त्यालाही आहे तशीच विका, रंग त्याचा तो मारेल. सौदा झाला की गाडी चालवत नेऊ देऊ नका. ब्रेक नाहीत, विमा नाही, फिटनेस नाही. ट्रकवर चढवून न्या म्हणा.

किंमत. इंटरनेटवर जे आकडे दिसतात ते मागितलेले असतात, मिळालेले नव्हे. भंगारवाला वजनावर काय देतो ते विचारून ठेवा, म्हणजे तळ कळेल, आणि किमान दोन जीपवाल्यांना फोटो पाठवून त्यांचं बोलणं ऐका, म्हणजे वरचा अंदाज येईल. माझी किती गेली ते लिहीत नाही. तो आकडा घेऊन तुम्ही तुमच्या गाडीला लावाल, आणि दोन गाड्या सारख्या नसतात. शिवाय आमच्या घरातही तो तिघांनाच माहीत आहे: मला, मायला आणि बहिणीला. बहिणीचा वाटा मी तिच्या हातात दिला होता. तिनं आजवर तो आकडा जवाईबापूंना सांगितलेला नाही, मीही नाही. म्हणजे ते इतकी वर्षं डबल म्हणतात, ते कशाच्या डबल हे त्यांनाच ठाऊक.